सव्वा महिना कुठून धरायचा

सोलापूर,
२९ नोव्हेंबर २०२५

प्रभे,

तुला आणि तुझ्या त्या काळोख्या खोलीतल्या यंत्रांना नमस्कार. तुझ्या दिवाळीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही म्हणून तू तिकडं पुण्यात नाक फुगवून बसली असशील. आणखी थोडी बस. मी आजी झाले.

काव्या दिवाळीला आली ती बाळंतपणालाच राहणार होती, पण तारीख जानेवारीतली होती. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत तिला कळा सुरू झाल्या आणि आमची पळापळ झाली. साडेसात महिन्यांची मुलगी, वजन दीड किलोच्याही आत. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा काचेच्या पेटीत होती, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि तळपाय माझ्या अंगठ्याएवढा. मंद्रूपच्या शाळेत तू बेडूक कापलास तेव्हा मी चक्कर येऊन पडले होते ना, तशीच पडणार होते. पण लेकीसमोर पडायची सोय नव्हती. तिचं बाळंतपण माहेरी, म्हणजे सगळी जबाबदारी माझी. करकंबच्या विहीणबाई रोज फोन करून विचारायच्या, आणि मी रोज 'बरी आहे' म्हणायचे, बरी असो नसो.

आता मात्र खरंच बरी आहे. ह्या मंगळवारी घरी आणली. आमचे हे अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून रोज एक मऊ टॉवेल आणतात, मालकांनी नातीसाठी दिला म्हणून. घरात बाळ एक आणि टॉवेलांचा ढीग. सासूबाईंनी सगळी सूत्रं हातात घेतलीत. ऐंशी उलटली तरी ईरम्मा म्हणजे ईरम्माच. बाळंतिणीची खोली बंद, सकाळ-संध्याकाळ शेक आणि ओव्या-शेपाची धुरी, बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय डोकवायचं नाही.

फोनवर का नाही सांगितलं विचारशील. आमच्याकडं फोन आला की तो मधल्या खोलीत स्पीकरवर लागतो आणि सगळं घर बोलतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं हे निमित्त. मला तुझ्याशी एकटीनं बोलायचं होतं, म्हणून स्पीड पोस्ट.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बाळाचे डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलंय, महिन्याच्या आत. आता डोळे चांगले टपोरे आहेत, तपासायचे काय? शिवाय सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाई म्हणतात, दवाखान्यातले दिवस धरायचे नाहीत, बाळ घरात आलं तिथून मोजायचं. म्हणजे नवीन वर्ष लागल्यावरच जाता येईल. मग जाऊन येऊ एकदा.

नाव अजून ठरलं नाही. तोवर चिमणी म्हणतो.

तुझी,
जगदेवी

---

पुणे,
२ डिसेंबर २०२५

जगे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, आणि दुसऱ्यांदा उभी राहून. आजी झालीस त्याचे लाडू मी वसूल करीनच, पण आधी भांडते.

पत्र वाचल्या वाचल्या मी फोन केला, तो तुझ्या स्पीकरवर लागला. मी 'बाळाचे डोळे' एवढं म्हणेपर्यंत मागून कुणीतरी 'टपोरं हायती, आज्यावर गेल्यात' म्हणून सांगितलं, आणि तू 'नंतर बोलू' म्हणून ठेवून दिलास. म्हणून आता लिहिते. हे पत्र तू एकटीनं वाच.

डॉक्टरीणबाईंनी महिन्याच्या आत म्हटलं ते जन्मापासूनच्या महिन्याच्या आत. तुझी चिमणी घरी कधी आली ह्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. जन्मापासून धरलास तर महिना झालासुद्धा. तू जो सव्वा महिना धरलायस तो संपेपर्यंत तिला जन्मून दोन महिने होतील. तेवढ्यात नजर जाऊ शकते.

घाबरवायला लिहीत नाही. खूप आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांतला मागचा पडदा पुरता तयार झालेला नसतो. बहुतेकांचा पुढे आपोआप नीट होतो. काहींचा होत नाही, तिथं वाकड्या रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या पडद्याला ओढून सोडवतात. डोळे टपोरे आहेत की मिचमिचे ह्यावरून आतलं काही कळत नाही. बाहुलीत औषध घालून, ती मोठी करून, डॉक्टरांनी आत बघावं लागतं. बाळ रडतं, थोड्या वेळात संपतं. आणि गरज लागलीच तर लेझरनं उपचार होतो, वेळेत केला तर बहुतेकदा नजर वाचते. मला हे माहीत आहे कारण मी ज्या खोलीत बसून लेझर तपासते, त्यातले कितीतरी ह्याच कामाच्या यंत्रांत बसतात.

ह्या आठवड्यात जा. पाया पडते, जा.

प्रभा

---

सोलापूर,
३ डिसेंबर २०२५

प्रभे,

तुझं पत्र न्हाणीघरात दार लावून वाचलं. बाहेर आले तर सासूबाईंनी विचारलं, कोण गेलं म्हणून. माझं तोंडच तसं झालं होतं.

तू लेझर हा शब्द असा लिहिलास जसं काय डोळ्यांत काजळ घालायचंय. तुला आमचा बसवेश आठवतो का? माझ्या दिराचा मुलगा, टेम्पो चालवतो. गणपतीच्या मिरवणुकीत त्या आवाजाच्या भिंतीपुढं उभा होता, वर गाडीवर हिरवे-निळे लेझर फिरत होते. एक किरण त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. त्याला तेव्हा कळलंसुद्धा नाही, नाचत राहिला. सकाळी उठला तर मधोमध काळा ठिपका. आजही उजव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं तर त्याला माझे कान दिसतात, पण नाक दिसत नाही. पंचविशीतल्या दांडग्या माणसाचं हे झालं, आणि तू म्हणतेस तेच माझ्या दीड किलोच्या नातीच्या डोळ्यात घाला. तुझ्या तोंडून हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या घरात लेझर येणार नाही. सासूबाईंनी तर ब्याड म्हणजे ब्याड, नको म्हणजे नको, म्हणून सांगितलंय. त्यांच्यापुढं माझं काय चालतं? आणि उद्या काही उलटंसुलटं झालं तर करकंबकर म्हणतील, पोरगी धड पाठवली होती, आजोळी डोळे घालवले. काव्याच्या पुढ्यात मी कशी उभी राहू?

शिवाय तिला दिसतंय, प्रभा. मी रोज देवापुढची समई तिच्यासमोर धरते. बघते की समईकडं.

रागावू नकोस. मला रात्रीची झोप नाही.

जगदेवी

---

पुणे,
५ डिसेंबर २०२५

जगे,

रागावले आहे. पण तुझ्यावर कमी आणि त्या मिरवणुकीवर जास्त.

समईचं आधी. ती बघत असेल तर चांगलं, पण माझ्या माहितीप्रमाणे इतक्या लवकर आलेलं बाळ ह्या वयात कशाकडेही धड बघत नाही, डोळे चांगले असले तरी. म्हणून ती बघत नसेल तर त्याचीही धास्ती घेऊ नकोस. समईनं काही ठरत नाही.

आता लेझर. घरात येणार नाही म्हणतेस, तर तो कधीच आलाय. तुझ्या जावयाचा महागडा फोन त्याचं तोंड ओळखून उघडतो, तो लेझरच्या बारीक ठिपक्यांनी. तुमच्या भिंतीवर इंटरनेटची जी पांढरी डबी लावलीय तिच्यातून काचेच्या तारेत लेझरच धावतो. बाजारात टॉवेलाच्या वेष्टनावरच्या काळ्या रेघा वाचणारा लाल उजेड बघितला असशील, तोही पुष्कळदा लेझरच असतो. हे सगळे आमच्याच जातीचे, स्फटिकाचे लेझर. तांदळाच्या कणीएवढा तुकडा असतो. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्या थरात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा, आणि दोन्हींच्या मधे एक थर इतका पातळ की त्याची जाडी काही डझन अणूंची. वीज सोडली की इलेक्ट्रॉन ह्या मधल्या थरात येऊन अडकतात आणि रिकाम्या जागेत पडतात. पडताना प्रत्येक जण प्रकाशाचा एक कण सोडतो. थर अरुंद, म्हणून सगळे जवळजवळ एकाच उंचीवरून पडतात आणि सगळ्यांचा रंग एक येतो. स्फटिकाची दोन टोकं आरशाचं काम करतात. त्यांच्यामध्ये उजेड मागावरच्या धोट्यासारखा ये-जा करतो, आणि दर फेरीला वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना पाडून आपल्यासारखेच आणखी कण जमवतो. एक आरसा मुद्दाम थोडा कच्चा ठेवलेला असतो, तिथून तो बाहेर पडतो, सरळ आणि एका तालात. किती वीज दिली की किती उजेड येतो, हे मी दिवसभर मोजत असते. जास्त देणाराही बाद आणि कमी देणाराही बाद.

बाळांच्या डोळ्यांसाठी पुष्कळदा जो वापरतात त्याचा उजेड लालच्या पलीकडचा, आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. बाहुली, भिंग, आतलं पाणी ह्यांतून तो सरळ जातो, कारण वाटेत त्याला शोषणारं काही नाही. पडद्यापाशी जो काळपट रंग असतो तो त्याला शोषतो, आणि तिथं तेवढ्यापुरता चटका बसतो. हो, चटकाच. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. ज्या कडेला रक्त पोचलेलं नाही ती कडा भुकेली असते, रक्त मागत राहते, आणि त्या मागण्यामुळेच वाकड्या नळ्या फुटतात. डॉक्टर तेवढी कडा शांत करतात. कडेची नजर थोडी जाते, मधली वाचते, जिच्यानं ती तुझं नाक बघणार आहे.

बसवेशच्या वेळी किरणाची ताकद कुणी मोजली नव्हती, आणि तो कुणाच्या डोळ्यात जातोय हे बघायला कुणी नव्हतं. तो थेट वर बघत होता, म्हणून त्याच्याच डोळ्याच्या भिंगानं किरण अगदी मध्यावर आणून ठेवला. इथं डॉक्टर डोक्याला दिवा आणि हातात भिंग घेऊन आत बघत असतात. चटका कुठं बसणार हे आधी बघतात, मग पायानं कळ दाबतात. मध्याकडे जातच नाहीत.

सोबत दुसरा कागद आहे. तो ईरम्मा अव्वांना मोठ्यानं वाचून दाखव, कानडीत सांगायचं तर कानडीत सांग. आणि जगे, एक विचारते. ब्याड त्या म्हणाल्या की तू? कुणाच्या तरी पदराआड लपायची तुझी सवय शाळेपासूनची आहे, तेव्हा पदर हेडबाईंचा होता एवढंच. आणि काव्याला कुणी विचारलं का? मूल तिचं आहे.

प्रभा

(दुसरा कागद)

ईरम्मा अव्वांना नमस्कार. मी मंद्रूपची प्रभा, जगदेवीच्या बाकावर बसायची ती. तुमच्या हातची हुग्गी, ती गव्हाची खीर, दोन वाट्या खाल्ली होती, तुम्ही तिसरी वाढायला आलात तेव्हा पळाले होते.

तुमच्या पणतीबद्दल सांगते. डोळ्याच्या मागं एक पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. त्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या मधून निघतात आणि हळूहळू कडेकडे वाढत जातात. आईच्या पोटात नववा महिना भरता भरता त्या कडेला पोचतात. पणती आधी आली, नळ्या वाटेतच राहिल्या. आता त्या सरळ वाढतायत की वाकड्या, हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कळत नाही. वाकड्या असल्या तर लगेच थांबवाव्या लागतात. तुम्ही सव्वा महिना मोजलाय हे मला माहीत आहे. तुमचा शब्द मोडून न्या असं मी म्हणणार नाही. तुम्हीच सांगा काय करायचं.

प्रभा

---

सोलापूर, दवाखाना,
९ डिसेंबर २०२५

प्रभे,

हे मी दवाखान्यात बाकावर बसून लिहिते आहे. आत चिमणीचं लेझर चाललंय. हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर मी दार ठोठावीन.

शनिवारी तुझं पत्र आलं. तुझा तो दुसरा कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला, निम्मा मराठीत, निम्मा कानडीत. हुग्गीचं ऐकून हसल्या. पुढचं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोप लागली. मग एकच प्रश्न विचारला, नळ्या नवव्या महिन्यात पुऱ्या होतात असंच लिहिलंय ना. मी हो म्हटलं. तर म्हणाल्या,

"मग नववा कुटं भरलाय अजून? डोळं अजून पोटातच हायती की. जे जन्मलंच न्हाय त्याला उंबरा कसला? मीच सव्वा महिना चुकीचा धरला."

आणि उठून बसल्या. उद्या रविवार, म्हणून सोमवारचं ठरवलं. दवाखान्यात न्यायचं ते पोटातून पोटात न्यायचं म्हणाल्या, म्हणजे अंगावर ऊन नाही, वारा नाही, कुणाची नजर नाही. ह्यांनी आणलेले टॉवेल एकदाचे कामाला आले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सासूबाई ब्याड म्हणाल्याच नव्हत्या. लेझरचं त्यांना मी सांगितलंच नव्हतं. त्यांचा फक्त उंबरा होता, बाकीचं ब्याड माझं. आणि समईकडं चिमणी बघत नव्हती, प्रभा. मी ज्योत डावीकडं न्यायची, उजवीकडं न्यायची, तिचे डोळे तिथंच. म्हणून तर मी दवाखाना टाळत होते. कुणी सांगितलं नाही तोवर ते खरं नाही, असं काहीतरी मनात धरून बसले होते. तू लिहिलंस की ह्या वयात बाळं बघतच नाहीत, ते वाचून मी न्हाणीघरात पुन्हा दार लावलं आणि पोटभर रडले.

काव्यालाही विचारलं. तिला सगळं माहीत होतं. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा तिनं नीट ऐकलं होतं आणि फोनवर वाचूनही काढलं होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "आई, तूच एवढी भ्यालीस, मग मला वाटलं माझ्या तोंडून ऐकलंस तर तुला सहन व्हायचं न्हाय." एकाच खोलीत दोघी एकमेकींना सांभाळत गप्प बसलो होतो आणि मधे ते लेकरू. लेझरच्या कागदावर सही तिनंच केली, मला पेनसुद्धा मागितलं नाही.

काल तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत वाकड्या नळ्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, अजून वेळेत आहात, पण आता थांबायचं नाही, उद्याच करू. नवीन वर्षाची वाट बघितली असती तर काय, हे मी विचारलं. त्यांनी सहीचा कागद काव्यापुढं सरकवला.

आज टेम्पो बसवेशनंच आणला. त्याला मी सांगणार नव्हते, लेझरचं नाव काढलं की घरातून उठून जातो. पण वाटेत त्यानंच विचारलं आणि काव्यानं सगळं सांगून टाकलं. मी मागं बसून देवाचं नाव घेत होते, आता हा काय बोलतो म्हणून. पुढच्या सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "काकू, मला लागला तवा बगणारं कुणीच नव्हतं. हितं डॉक्टर बगत बसनार हाय. करून घ्या की." आत्ता माझ्या शेजारी बसलाय, आणि माझ्यापेक्षा जास्त पाय हलवतोय.

थांब, दार उघडलं.

झालं. प्रभा, झालं. दोन्ही डोळ्यांचं झालं. डॉक्टर बाहेर आले, कपाळावर दिव्याच्या पट्ट्याचा वळ उठलेला. म्हणाले, पाहिजे तेवढं झालंय, आठवड्यानं बघू, मला आशा चांगली वाटते. चिमणीच्या पापण्या सुजल्यात आणि ती झोपलीय. काव्या तिला घेऊन बसलीय. माझा जीव भांड्यात पडला, आणि बसवेशनं मला धरून पुन्हा बाकावर बसवलं.

जाता जाता सांगते, सासूबाईंना मी सांगून टाकलंय की हा लेझर तू बनवलास. त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलंय. आता तू नाही म्हणू नकोस.

जगदेवी

---

पुणे,
१२ डिसेंबर २०२५

जगे,

तुझं पत्र मला कामावरून आल्यावर दारातच मिळालं. तिथंच पायरीवर बसून वाचलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं बरं वाटत नाही का. मी म्हटलं, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि रडायला लागले. त्यांनी सरबत आणून दिलं.

तुझ्या गल्लीला सांग की हा लेझर मी बनवलेला नाही. मी फक्त तपासते, आणि त्या दवाखान्यातल्या यंत्रात आमचाच तुकडा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे मला कळायची सोय नाही. पण एक कबूल करते. आज सकाळी एक तुकडा जरासा कमी उजेड देत होता. अगदी जरासा, डोळेझाक केली असती तर कुणाला कळलं नसतं. एरवीही मी तो बादच केला असता. आज बाद करताना मला चिमणीच्या सुजलेल्या पापण्या दिसल्या. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं म्हणून मी हल्ली जरा कंटाळून काम करत होते. आता नाही करणार.

ईरम्मा अव्वांना माझ्याकडून काय सांगू? मी दोन कागद भरून लिहिलं, आणि त्यांनी दोन वाक्यांत वाट काढली. त्यांच्या पायांवर डोकं ठेव.

आठवड्याच्या तपासणीचं मात्र फोनवर कळव. स्पीकरवर असला तरी चालेल.

प्रभा

---

सोलापूर,
१० मे २०२६

प्रभे,

फोनवर तुला तुकड्या-तुकड्यानं सगळं कळलंय, तरी एकदा सलग लिहायचं राहून गेलं होतं.

डिसेंबरभर आम्ही दर आठवड्याला दवाखान्यात. दुसऱ्याच फेरीला डॉक्टर म्हणाले नळ्या विरायला लागल्यात, आणि संक्रांतीच्या सुमारास म्हणाले की पडदा जागच्या जागी आहे, आता नुसतं अधूनमधून दाखवत राहा. पुढं चष्मा लागेल कदाचित, तेवढं लक्ष ठेवायचं. चष्मा लागू दे. दोन लागू देत.

सासूबाईंनी सव्वा महिना नव्यानं धरला. काव्याची तारीख जानेवारीत होती ना, त्या दिवसापासून. पाहुण्यांना सांगत होत्या की आमच्या पणतीचा जन्म दोनदा झाला, पहिला घाईत आणि दुसरा मुहूर्तावर. फेब्रुवारीत उंबऱ्यावर पाणी टाकून, हळदकुंकू वाहून तिला रीतसर बाहेर काढली, आणि मग बारसं. विहीणबाई करकंबहून पाळणा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उशीर कसा झाला तेसुद्धा. वाटलं होतं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, आमच्याकडं असती तर आम्हीही सव्वा महिनाच धरला असता. मग दोघी मिळून कढईत शिरा हलवायला लागलो.

नावावरून मात्र वाद झाला. कुणीतरी नेत्रा सुचवलं. सासूबाईंनी तिथंच मोडून काढलं, पोरीला जन्मभर दुखणं चिकटवू नका म्हणाल्या. शेवटी जावयांनी अंकिता ठेवलं. घरात अजून चिमणीच म्हणतो.

आता इथं ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. परवा दुपारी मी चिमणीला मांडीवर घेऊन टॉवेलानं वारा घालत होते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. एकटक, कपाळाला आठ्या घालून, हेडबाई हजेरी घेताना बघायच्या तसं. मग हात वर केला. पहिल्यांदा चुकला, माझ्या हनुवटीला लागला. तिनं पुन्हा नेम धरला आणि माझ्या नाकातली चमकी मुठीत पकडून अशी ओढली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काव्या सोडवायला धावली. तर सासूबाई खाटेवरून म्हणाल्या,

"सोडवू नगंस. दिसली म्हनून धरलीया. वढू दे की."

मी काही नाक मागं घेतलं नाही. अजून सुजलेलं आहे. तू पुढच्या महिन्यात येणार आहेस ना, तर तुझा चष्मा पर्समध्ये ठेवूनच आत ये.

तुझी,
जगदेवी